मागे खेळणारे भाऊ

बर्फाच्या रिंकच्या दारावर कागद लागला. महिनाअखेरीस रिंक बंद होईल, असं त्यावर लिहिलं होतं. त्या दिवशी भाऊ सिंगापुरातल्या आमच्या तोआ पायोहच्या फ्लॅटवर आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "काम जाणार. मग इथे राहायचा पास जाणार. मग मी."

भाऊंइतका अडवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. अडवणं हे त्यांचं काम होतं, छंद होता, स्वभाव होता. त्यांचा जन्मसुद्धा कुणाच्या तरी वाटेत झाला असणार, अशी माझी समजूत आहे. ते रशियन होते. उरल पर्वताजवळच्या एका कारखान्याच्या गावात वाढले, वीस हिवाळे पोटासाठी आइस हॉकी खेळले आणि ते वीसही हिवाळे मागे खेळले. आइस हॉकी म्हणजे पायांत स्केट्स घालून, रबराची काळी चकती काठीनं हाणत बर्फावर खेळायची हॉकी. तिच्यात पुढचे खेळाडू गोल मारतात. त्यांचे फोटो छापून येतात, पोरं त्यांच्या सह्या घेतात, म्हातारपणी त्यांना समारंभांना बोलावतात. मागचे दोघं समोरून येणाऱ्याला अडवतात. भाऊ मागचे. पन्नाशीला टेकल्यावर ते सिंगापूरच्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या रिंकवर शिकवायला आले. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ माणूस बर्फ शिकवायला येतो, याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. ते दोन हजारचं दशक होतं आणि काय काय करायला कुठून कुठून माणसं सिंगापुरात येत होती. मी स्वतः नागपूरहून येऊन बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात बसत होतो. तिथे वाचक येत नसत, कारण सगळे सगळं संगणकावर वाचत. पण ग्रंथपाल लागतो असा नियम होता.

भाऊ हे नाव माझ्या बायकोनं दिलं. आमच्याकडे रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळेच भाऊ असतात, त्यामुळे तिला ते नाव दिल्यासारखंही वाटलं नसेल. भाऊंनी मात्र समजून घेतलं की आमच्या भाषेत प्रशिक्षकाला भाऊ म्हणतात. त्यांना तो हुद्दा आवडला. फोन उचलून ते "येस, भाऊ स्पीकिंग" म्हणत, आणि बघता बघता रिंकवरची चिनी पोरंही त्यांना कोच भाऊ म्हणू लागली. खरा अर्थ त्यांना सांगावा की नाही, यावर आमच्या घरी एकदा चर्चा झाली. बायको म्हणाली, "राहू द्या ना. दोन्ही खरंच आहे."

तिची आणि भाऊंची ओळख झाली ती तिच्या उभं राहण्यामुळे. मुलीच्या वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस त्या रिंकवर होता. पोरं आत गोल गोल फिरत होती आणि माझी बायको कठड्यापाशी सगळ्यांचे बूट, दप्तरं आणि केकचा डबा राखत उभी होती. पाय जरा फाकवलेले, गुडघे जरा वाकलेले, पर्स पोटाशी, नजर चौफेर. ज्या बाईनं सीताबर्डीच्या बाजारात घरादारातल्या तीन पोरांना आणि दोन पिशव्यांना सांभाळलं आहे तिला असंच उभं राहता येतं. भाऊ बर्फावरून सरकत आले, समोर थांबले, तिच्या सलवार-कमीजच्या तिसऱ्या बटणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही फार छान उभ्या राहता."

घरी आल्यावर ती मला म्हणाली, "वीस वर्षांत तुम्ही कधी म्हणालात का असं?"

मी म्हणालो, "तू बसलेलीच कधी सापडली नाहीस."

पुढच्या शनिवारी ती कमीजवर माझा स्वेटर चढवून बर्फावर उतरली. मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "मम्मी, डोन्ट लाह. सो पायसे." पायसे म्हणजे तिथल्या बोलीत लाजिरवाणं, आणि लाह हे नुसतं वाक्याचं शेपूट. आईनं उत्तर दिलं, "तुला लाज वाटत असेल तर तू मागे वळून उभी राहा." ती पहिल्या दिवशी इतक्या वेळा पडली की भाऊंनी तिला पडण्याचीच पद्धत शिकवून टाकली. मी कठड्याबाहेरच्या बाकावर मफलर गुंडाळून पुस्तक वाचत बसलो होतो. पुढे दर शनिवारी तीच माझी जागा झाली. सिंगापुरात मफलर वापरणारा मी बहुधा एकटाच ग्रंथपाल असेन.

तिसऱ्या बटणाचं सांगायचं राहिलं. भाऊ कुणाच्याही डोळ्यांकडे बघून बोलत नसत. पुरुष असो, बाई असो, इमिग्रेशनचा अधिकारी असो, त्यांची नजर समोरच्याच्या छातीच्या मध्यावर, शर्टाच्या तिसऱ्या बटणाच्या आसपास खिळलेली असे. अधिकाऱ्याला वाटलं ते त्याचा बिल्ला वाचताहेत. त्यानं तो नीट वळवून दाखवला. आमच्या संस्थेतले एक डॉक्टर शर्टावर आमटी सांडली की काय म्हणून सबंध गप्पाभर खाली बघत राहिले. बायकांच्या बाबतीत हे प्रकरण कधीतरी अंगाशी येणार अशी मला भीती होती, म्हणून मी एकदा भीत भीत विषय काढला. भाऊ मुळीच ओशाळले नाहीत. म्हणाले, "माणूस डोळ्यांनी फसवतो. खांद्यांनी फसवतो. चकतीनं तर फसवतोच. छाती फसवत नाही. छाती जिकडे, तिकडे माणूस." त्यांच्या गावच्या प्रशिक्षकानं दहा वर्षांच्या वयात हे त्यांच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं आणि मग ते निघालंच नाही. त्यानंतर ते बोलायला आले की आमच्या ओळखीच्या बायका शांतपणे पदर सारखा करून त्यांना नीट दिसेल असं समोर बटण धरत, आणि आपली छाती आज कुठल्या दिशेला आहे ते विचारत.

त्याच प्रशिक्षकानं त्यांना मागे पाठवलं होतं. लहानपणी भाऊंना सगळ्या पोरांसारखं पुढे खेळायचं होतं. वडील कारखान्यात क्रेन चालवत. हिवाळ्यात चाळीमागच्या मैदानात नळीनं पाणी सोडलं की सकाळपर्यंत रिंक तयार होई, आणि गावातली सगळी पोरं तिच्यावर पुढे खेळत. प्रशिक्षकानं आठवडाभर बघितलं आणि भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं, "तू हळू आहेस. पण तू नेहमी वाटेत असतोस." भाऊ हे वाक्य एखाद्यानं आपली पदवी सांगावी तसं सांगत. त्या एका वाक्यावर ते कारखान्याच्या संघात गेले, तिथून मोठ्या शहरातल्या संघात गेले, दोन हंगाम राजधानीत काढले. राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरालासुद्धा एकदा त्यांना बोलावणं आलं, ते आठवडाभराचं होतं. तिथे देशातल्या सगळ्यात चपळ पुढच्या खेळाडूनं त्यांना कसं चकवलं, ते भाऊ हॉकर सेंटरच्या, म्हणजे तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतल्या टेबलावर मिरचीच्या सॉसची बाटली आणि दोन चमचे घेऊन दाखवत. बाटली म्हणजे भाऊ. चमचा डावीकडून येई, उजवीकडे जातोसा करी आणि बाटलीच्या मागे पोहोचे. "त्या एका वेळी मी छाती सोडून चकतीकडे बघितलं," ते म्हणत आणि बाटलीकडे इतक्या निराशेनं बघत की बायको ती उचलून दुसरीकडे ठेवी.

मग त्यांच्या देशाच्या सीमा उघडल्या आणि भाऊ हिवाळे वेचत हिंडले. फिनलंड, जर्मनीतलं एक छोटं गाव, ऑस्ट्रिया, कॅनडातल्या कुठल्याशा खालच्या दर्जाच्या स्पर्धेत एक मोसम. तिथे सामन्यापेक्षा बसचा प्रवास मोठा असे. त्यांचं इंग्रजी या सगळ्या ठिकाणच्या कपडे बदलायच्या खोल्यांत तयार झालेलं होतं, त्यामुळे शिष्ट मंडळींत ते बोलायला लागले की मी खोकत असे. समोरचे दात कॅनडात राहिले होते. बाकीचा प्रवास पायांवर होता. जोरानं मारलेली चकती गोलापर्यंत जाऊ नये म्हणून मागचा खेळाडू तिच्यासमोर स्वतःला झोकून देतो. भाऊंनी वीस वर्षं झोकून दिलं होतं. जेवता जेवता पँट वर ओढून ते नडगीवरचे वण दाखवायचे. हा हेलसिंकी. हा व्हिएन्ना. हा घरचाच, आपल्याच खेळाडूनं मारलेला.

"भाऊ, जेवताना पाय नका दाखवू," बायको म्हणे.

"हा शेवटचा. प्राग."

"प्राग जेवण झाल्यावर."

गोल त्यांनी फार थोडे मारले होते. त्याबद्दल विचारलं की ते विषय बदलून वणांकडे येत.

बर्फावरून उतरल्यावरही ते अडवायचे थांबत नसत. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, ते दाराशी उभे राहत आणि कुणी उतरायला पुढे झालं की त्यांचं अंग त्यांच्या नकळत त्या बाजूला सरके. माणूस डावीकडून गेला की भाऊ डावीकडे, उजवीकडून गेला की उजवीकडे. "अंकल, अलाइटिंग लाह," असं कुणी कळवळून म्हटलं की ते दचकून बाजूला होत आणि माफी मागत. तोपर्यंत दार बंद झालेलं असे. सरकत्या जिन्यावर ते उलटे, म्हणजे मागच्या आमच्याकडे तोंड करून उभे राहत. मागून कोण येतंय ते दिसायला हवं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये टेबल धरायचं तर लोक त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवून जातात आणि त्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. आमच्याबरोबर भाऊ असले की आम्हाला पाकीट लागत नसे. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला वुडलँड्सला एका स्नेह्यांच्या फ्लॅटमध्ये आमची मंडळी जमायची. भाऊ तिथून दोन इमारती पलीकडे खोली घेऊन राहत, म्हणून त्यांनाही बोलावलं. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येईना, तर ते वंदना होईपर्यंत दाराशी हात मागे बांधून उभे राहिले. नंतर पुण्याच्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, "यंदा सिक्युरिटी ठेवली का हो तुम्ही?" मी ओळख करून देईपर्यंत भाऊंची खिरीची तिसरी वाटी चालू होती. बर्फाचे मात्र ते काहीच खात नसत. रंगीत सरबत घातलेला, किसलेल्या बर्फाचा डोंगर तिथे सगळे आवडीनं खातात. भाऊ त्याच्याकडे पाठ करून बसत. म्हणत, "त्याच्यावर उभं राहायचं असतं."

दोन वर्षांत भाऊंनी रिंकवर बायकांचा एक संघ उभा केला. त्यात माझी बायको होती. शाळेच्या कँटीनमध्ये नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात विकणारी एक मलाय बाई होती, एक तमिळ मुख्याध्यापिका होती, दंतवैद्याकडे काम करणारी एक फिलिपिनो बाई होती. ती भाऊंच्या कवळीच्या काळजीनं आली आणि खेळायला थांबली. गोलात मिसेस लिम. त्या निवृत्त परिचारिका होत्या आणि आयुष्यभर रात्रपाळी केलेली असल्यामुळे कशालाच घाबरत नसत. पाचजणींनी मिळून शनिवारी सकाळची वेळ घेतली होती, कारण तेव्हा रिंक स्वस्त पडे. त्या मन लावून शिकल्या. उलटं जायला शिकल्या, समोरच्याला कठड्याकडे ढकलत न्यायला शिकल्या, चकतीसमोर बसायला शिकल्या, तिसरं बटण बघायला शिकल्या. ऑफिसांतल्या हौशी संघांशी त्यांचे सामने होऊ लागले आणि बघता बघता त्यांच्यावर गोल होणं बंद झालं. मात्र त्यांच्याकडूनही एकही गोल होईना. सामने शून्य-शून्य सुटत. याचं कारण सगळ्यात आधी माझ्या मुलीच्या लक्षात आलं. ती एकदा माझ्या शेजारी बाकावर बसून बघत होती आणि म्हणाली, "बाबा, दे आर ऑल डिफेंडर्स, वॉट."

ते खरं होतं. भाऊंना जे येत होतं ते त्यांनी जीव ओतून शिकवलं होतं, आणि त्यांना मागे खेळणंच येत होतं. त्या संघात पुढचं कुणी नव्हतंच. मी हे भाऊंना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि समाधानानं मान हलवली. "म्हणूनच इतक्या चांगल्या खेळतात," ते म्हणाले.

तर अशा वेळी तो कागद लागला. मॉल पाडून नवा बांधायचा होता. भाऊ चहा पिऊन तसेच बसून राहिले. मी विचारलं, गावी कोण आहे? फ्लॅट आहे, ते म्हणाले. बहीण आहे, जुना गोलरक्षक मित्र आहे. मग रिकामा कप बाजूला सारून म्हणाले, "तिथे रस्त्यावर लोक ओळखतात. म्हणतात, हा खेळायचा. इथे कुणी ओळखत नाही. पण शनिवारी पाच बायका माझी वाट बघतात." त्यांना राहायचं होतं, हे त्यांनी त्याआधी आणि त्यानंतर इतकं स्पष्ट कधी सांगितलं नाही.

शहरात आणखी एक रिंक होती. तिच्या मालकांना एक प्रशिक्षक हवा होता. आमच्या संस्थेतल्या कुणाच्या तरी ओळखीनं मी त्यांना भेटायला गेलो. गृहस्थ मोकळे होते. म्हणाले, तुमचे कोच मोठे खेळाडू असतील, पण माझ्याकडे येतात त्या लोकांना शनिवारी दोन तासांत एक गोल मारून घरी जायचं असतं. नवशिक्यांकडून गोल मारून घेणारा माणूस मला हवा. जुन्या रिंकच्या शेवटच्या शनिवारी बँकेतल्या तरुणांशी बायकांचा सामना ठरला होता; तो बघायला येतो, म्हणाले.

हे ऐकून भाऊंनी पुढच्या सरावापासून गोल मारायला शिकवायचं ठरवलं. तो सराव मी कधी विसरणार नाही. पाचहीजणी ओळीनं उभ्या राहिल्या. मिसेस लिमही गोल सोडून ओळीत आल्या होत्या, म्हणून गोल मोकळा होता. भाऊ त्यासमोर जरा बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "मारा." मुख्याध्यापिकेनं मारलं. भाऊंचा पाय आपोआप लांब झाला आणि चकती अडली. "सॉरी," भाऊ म्हणाले. "परत." मलाय बाईंनी मारलं. भाऊंनी ती गुडघ्यावर घेतली. "सॉरी." दंतवैद्याकडच्या बाईनं भाऊंच्या तोंडाचा अंदाज घेऊन फार हळू मारलं, तर त्यांनी ती काठीनं अलगद थांबवून तिला परत दिली. शेवटी माझी बायको म्हणाली, "भाऊ, तुम्ही बाहेर या बरं." ते कठड्याबाहेर माझ्याशेजारी येऊन बसले. आत बायकोनं चकती गोलाकडे मारली आणि माझ्या शेजारचा माणूस बाकावरून अर्धा उठला. मी त्यांचा दंड धरून खाली बसवलं.

सामन्याच्या सकाळी मी पोहे खाता खाता बायकोला म्हणालो, "आज एक तरी गोल मारा. भाऊंचं राहणं त्याच्यावर आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आम्ही पाचहीजणींनी ठरवलंय. कुणी ना कुणी मारू."

मालक आले. कठड्याला टेकून उभे राहिले. बँकेतली पोरं चपळ होती, पोटं सपाट होती, त्यांच्या अंगावर एकसारखे नवे सदरे होते. ती पुढे येत आणि एकेक करून कठड्याला लागत. कुणी डावीकडून आला तर समोर मुख्याध्यापिका, उजवीकडून आला तर नासी लमाक, मधून आला तर माझी बायको पाय फाकवून उभी. तीन हंगामांपूर्वी याच कठड्यापाशी ती बूट राखायची, आणि आता तिला चुकवून जाणं एका धडधाकट पोराला जमत नव्हतं. मिसेस लिमपर्यंत जे थोडंफार पोहोचे ते त्या रुग्णाचा ताप बघावा तशा शांतपणे घेत. मालक सुरुवातीला खूश होते. मग त्यांनी घड्याळ बघितलं. मग खिशातून फोन काढला.

शेवट जवळ आला तरी शून्य-शून्य. या खेळात एक रीत आहे: अगदीच निकड असली की शेवटच्या मिनिटांत आपला गोलरक्षक बाहेर बोलावतात आणि त्याच्या जागी एक जादा पुढचा खेळाडू उतरवतात. सामना बरोबरीत सुटत असताना शहाणा संघ असं करत नाही. पण आंटी लोकांशी बरोबरी झाली असं सोमवारी ऑफिसात सांगायची त्या पोरांची तयारी नव्हती. त्यांनी गोलरक्षक बाहेर घेतला. त्यांचा गोल रिकामा झाला, सगळी पोरं आमच्या बाजूला धावून आली, दाटी झाली, आणि त्या दाटीतून चकती निसटली ती माझ्या बायकोच्या काठीपाशी.

तिच्यासमोर कुणी नव्हतं. तिच्यापासून त्या रिकाम्या गोलापर्यंत नुसता पांढरा बर्फ होता. मी मफलर सोडून उभा राहिलो. मुलगी ओरडली, "शूट, मम्मी." मालकांनी फोन खिशात घातला. बायकोनं मान वर करून गोलाकडे नीट बघितलं. दिसलं नाही असं म्हणायला जागा नाही. मग तिनं चकती हलक्या हातानं दूरच्या कोपऱ्यात सरकवली, तिथून ती यायला वेळ लागेल अशी, आणि पोरांकडे तोंड करून उलटी उलटी आपल्या जागेवर परत आली. वेळ संपल्याची शिट्टी झाली.

माझ्या शेजारी भाऊ टाळ्या वाजवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नसलेल्या दातांसकट ते हसत होते. "बघितलं?" ते मला म्हणाले. "काही झालं नाही. काहीच होऊ दिलं नाही."

मालक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी भाऊंचा हात हातात घेऊन सांगितलं, "व्हेरी सॉलिड, लाह. रिअली. पण लोक गोल बघायला पैसे देतात, कोच." भाऊंनी त्यांच्या तिसऱ्या बटणाकडे बघून मान हलवली. मालक कुठल्या दिशेला निघालेत ते त्यांना आधीच दिसलं होतं.

दुपारी आम्ही तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये बसलो. बायको जेवत नव्हती. म्हणाली, "भाऊ, मी मारायला पाहिजे होतं. मला दिसत होतं. पण मागे कुणीच राहिलं नसतं हो. पाय वळले."

भाऊंनी चमचा खाली ठेवला आणि आम्हाला त्यांच्या कारकिर्दीतला एक गोल सांगितला. तो त्यांनी आजवर टाळला होता. गावच्या संघासाठी त्यांचा शेवटचा सामना होता. सगळे म्हणाले, आज तरी पुढे जा. भाऊ पुढे गेले आणि गोल झाला. लोकांनी डोक्यावर घेतलं, गावाच्या वर्तमानपत्रात फोटो आला. वीस वर्षांतला त्यांचा तो एकच फोटो. कपडे बदलताना गोलरक्षक मित्र म्हणाला, छान मारलास. मग म्हणाला, पण मी मान वर करून बघितलं तर तू तिथे नव्हतास.

"वाईट काही झालं नाही," भाऊ म्हणाले. "आम्हीच जिंकलो. पण तो असं म्हणाला." मग त्यांनी बायकोच्या ताटलीतला भात तिच्यापुढे सरकवला. "आज मिसेस लिमनं मान वर केली तेव्हा तुम्ही होतात. खा."

बायकोनं खाल्लं. राहण्याचा विषय त्यानंतर भाऊंनी काढला नाही. आम्ही आणखी दोन-तीन ठिकाणी प्रयत्न केले, पण बर्फ शिकवणाऱ्या माणसाला बर्फाशिवाय पास कोण देणार?

शेवटचे दिवस ते आमच्याकडेच होते. वुडलँड्सची खोली त्यांनी सोडून दिली होती. विमानाच्या दिवशी पाचहीजणी आल्या. बायकोनं त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. त्यांनी ती चाटून घेतली, डोळे मिटले आणि अजून आहे का विचारलं. मग म्हणाले, आता आमची पद्धत. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी खाली बसायचं आणि गप्प राहायचं. एवढासा फ्लॅट, एवढी माणसं. मुख्याध्यापिका सोफ्यावर, मिसेस लिम बॅगेवर, दंतवैद्याकडची बाई चपलांच्या रॅकवर, मी माझ्या पुस्तकांच्या खोक्यावर. भाऊ दाराजवळच्या स्टुलावर. सगळे गप्प. तेवढ्यात खालून टॅक्सीवाल्याचा फोन आला. मी उचलून कुजबुजलो, "टू मिनिट्स." पलीकडून तो म्हणाला, "अंकल, व्हाय यू व्हिस्परिंग? समबडी स्लीपिंग आह?" मलाय बाईंना हसू आवरेना आणि मग कुणालाच आवरलं नाही. भाऊ म्हणाले, हसलं तर चालतं, फक्त उठायचं नाही. आम्ही बसल्या बसल्या हसलो. हसून संपल्यावरही कुणी उठलं नाही. भाऊच उठले.

लिफ्टपर्यंतच्या लांब व्हरांड्यातून ते आमच्याकडे तोंड करून, उलटे चालत गेले. वाटेतल्या कुंड्या, सायकली, वाळत घातलेले कपडे यांतलं एकही त्यांना लागलं नाही.

गावी ते लहान पोरांना शिकवू लागले. कधी फोन आला की आधी संघाची चौकशी करत, मग बायकोच्या गुडघ्यांची, मग माझी. मी ग्रंथालयात काय करतो ते त्यांना कधी नीट कळलं नाही. पुस्तकं हरवू न देणं हे माझं काम आहे असं एकदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तूही मागचाच." मला कुणी कुठल्या संघात घेतल्याचा तो एकच प्रसंग.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे त्यांच्याकडच्या हिवाळ्यात, त्या गोलरक्षक मित्राचा फोन आला. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं. सराव संपला, पोरं घरी गेली, भाऊ बाकावर बूट सोडायला बसले, आणि बसलेलेच राहिले, इतकं त्यानं सांगितलं. मी बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सोफ्यावर बसली. मीही बसलो. बराच वेळ आम्ही दोघं उठलो नाही.

मॉलच्या जागी नवा मॉल झाला आहे. मुख्याध्यापिका चेन्नईला मुलाकडे गेल्या, दंतवैद्याकडची बाई मनिलाला परतली. माझी बायको, मिसेस लिम आणि मलाय बाई दर शनिवारी सकाळी त्या दुसऱ्या रिंकवर, ज्यांना खेळाडू कमी पडतात त्या संघांत खेळतात. तिघीही मागे खेळतात.